मधल्या बाईचं दुखणं

“अँड इट गोज थ्रू टु माय बॅक,” मधली बाई म्हणाली, आणि वाक्य तोंडातून सुटून टेबलावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की पाठीचं कोणी काही बोललंच नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या हिरव्या स्वेटरवाल्या आजी फक्त पोटाबद्दल बोलल्या होत्या. “पातेल्याच्या बुडाशी लागलेलं उलथन्याने खरवडावं ना बाई, तसं होतं. सकाळी जरा जास्त,” एवढंच. त्याचं इंग्रजी करताना तिने नेहमीसारखे दोन शब्द मनात समोरासमोर धरले होते, स्क्रेपिंग आणि नॉइंग. स्क्रेपिंग म्हणजे खरवडणारं, शब्दाला शब्द. पण डॉक्टरांच्या कानाला तो दुखण्याचा वाटत नाही, भांड्यांचा वाटतो. नॉइंग म्हणजे उंदीर पोतं कुरतडतो तसं, आतल्या आत, चिकाटीने. तो त्यांच्या ओळखीचा. तिने नॉइंग निवडला होता. इथवर काही बिघडलं नव्हतं, फार तर एका छटेचा फरक. पण तो शब्द उच्चारताना जीभ जणू रोजच्या उतारावर लागली आणि थांबायच्या जागी न थांबता पुढे गेली, पोटातून आरपार, पाठीत, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली. तिथलं सगळं तिला पाठ होतं. ते तिचं स्वतःचं दुखणं होतं, आणि त्याबद्दल ती आजवर कोणाजवळ बोलली नव्हती.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. वयाने लहान, उंच, केस घट्ट बांधलेल्या या डॉक्टरीणबाई लिहिताना कधी मान वर करत नसत. आता त्यांनी केली. “थ्रू टु द बॅक?” त्यांनी विचारलं. खरं तर इथे वळायचं, आजींना विचारायचं, आजी ‘छे’ म्हणाल्या असत्या आणि सगळं जागच्या जागी मिटलं असतं. ती वळलीही. पण डॉक्टरीणबाईंचा पुढचा प्रश्न तोवर आला होता, आणि तिने तोच तेवढा पुढे केला. “आजी, आडवं झाल्यावर वाढतं का?” आजी हसल्या. “आडवं झाल्यावर सगळंच वाढतं हो बाई. दिवसभर त्याच्याकडे बघायला वेळ कुठे असतो?” आणि मधली बाई इंग्रजीत म्हणाली, हो, आडवं झाल्यावर वाढतं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे सारली. त्यांचा आवाज एकाएकी फार मऊ झाला, आणि हा मऊपणा कसला असतो हे मधल्या बाईला इतक्या वर्षांत चांगलं कळत होतं. आज घरी जायचं नाही. काही खायचं नाही. दुपारी हातात सुई घालून औषध सोडायचं आणि आतला फोटो काढायचा, मग बघू. हे सारं तिने नीट, एकही शब्द न गाळता मराठीत सांगितलं. आजींच्या मागे उभ्या असलेल्या सुनेने पर्स छातीशी धरली आणि कोणाकडेच न बघता विचारलं, “म्हणजे काही तसलं आहे का?” मधल्या बाईने तेही इंग्रजीत विचारलं, आणि उत्तर आलं ते मराठीत परत दिलं, “आताच काही सांगता येत नाही.”

तिला मधली बाई हे नाव पेशंटांनीच दिलेलं. ‘दुभाषी’ हा शब्द पाटीवर बरा. बोलताना कोण म्हणतो? डॉक्टर तिकडे, आपण इकडे आणि ह्या मधल्या बाई. मधल्या म्हणजे अगदी मधल्या. तिची खुर्ची पेशंटच्या खुर्चीपेक्षा एक वीत मागे असे, म्हणजे डॉक्टरांनी पेशंटकडे बघत बोलावं आणि आवाज तेवढा हिच्याकडून यावा. कामाचा पहिला नियमच असा होता: पेशंट ‘मी’ म्हणाला की तुम्हीही ‘मी’ म्हणायचं. ‘त्या म्हणतात की त्यांना चक्कर येते’ असं नाही. ‘मला चक्कर येते.’ शिकवणारे गृहस्थ म्हणाले होते, तुम्ही खिडकीची काच, काचेला स्वतःचं काही दिसता कामा नये. तेव्हा वर्गात सगळे हसले होते, कारण ते गृहस्थ स्वतः चांगले आडदांड होते आणि त्यांच्यामागचा फळा कधी कोणाला दिसला नव्हता. पण नियम तिने पाळला. त्या खुर्चीत बसून ती कितीदा तरी गरोदर राहिली, तिला साखर झाली, रक्तदाब झाला, तिने दारू सोडली आणि पुन्हा धरली. एका तगड्या ट्रक ड्रायव्हरच्या वतीने तिने लाजत लाजत सांगितलं होतं की मला हल्ली लघवीला फार जोर करावा लागतो, आणि तो ड्रायव्हर तिच्याहून लाजून छताकडे बघत राहिला होता. दिवसभरात ‘आय’ म्हणून म्हणून तो शब्द इतका गुळगुळीत झाला होता, की संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःबद्दल काही म्हणायची वेळ आली तर ती ‘चहा हवा’ म्हणे, ‘मला चहा हवा’ असं म्हणत नसे. नवऱ्याला ते तिचं रुसणं वाटे.

बाहेर येऊन ती लांब कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीशी उभी राहिली. तिथे खोल्या तापवायचा एक बंद रेडिएटर होता आणि त्यावर कोणीतरी विसरलेला हातमोजा, एकच. खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडीभोवती फिरून चारही दारं बंद आहेत ना बघत होता, पुन्हा पुन्हा, ओढून. तिला वाटलं, आपण आता आत जाऊन सांगायला हवं. पाय हलले नाहीत. पोटात ते होतं, नेहमीच्या जागी, आणि आज काही नवीन करत नव्हतं. आपलं नाव भर सभेत घेतलं गेल्यावर माणूस गप्प बसतो तसं बसलं होतं. म्हणजे नाव घेतलं गेलं होतं तर. नॉइंग. इतके दिवस तिने त्याला नाव दिलं नव्हतं ते मुद्दाम. दाराशी आलेल्या भटक्या कुत्र्याला नाव ठेवलं की ते आपलं होतं आणि मग त्याचं खाणंपिणं, औषधपाणी सगळं गळ्यात पडतं. बिननावाचं असलं तर काय, आज आहे, उद्या गेलं. गेल्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा आलं तेव्हा तिने त्याला पित्त म्हणून पाहिलं, मग दगदग, मग वय. हे सगळं मराठीतच. इंग्रजीत तिने त्याला येऊच दिलं नव्हतं, कारण इंग्रजीत आलं की ते खरं होतं, त्याचा कागद होतो, त्याला तारीख मिळते.

आणि शब्द काय थोडे होते तिच्याजवळ? शिंप्याकडे रिळांचा डबा असतो, त्यात निळ्याच्याच पंधरा छटा; कापड घेऊन गेलं की तो एकेक रीळ त्यावर धरून बघतो, डोळे बारीक करून, उजेडाकडे नेऊन. ती तसं करी. डल, एकिंग, सोअर. तिन्ही मंद, तिन्ही न ओरडणारे; पण डल दूर कुठेतरी असतं, एकिंग अंगभर मुरतं, आणि सोअरला बोट लावलं की कळतं. थ्रॉबिंग ठसठसतं, पाउंडिंग घणाचे घाव घालतं. स्टॅबिंग एकदा भोसकून जातं, शूटिंग आलेल्या वाटेने पुढे पळत सुटतं. हेव्ही, प्रेसिंग, क्रशिंग हे तिघे सख्खे भाऊ. छातीवर बसतात तिघेही, पण प्रेसिंग म्हटलं तर इथे पाणी देऊन बाकावर बसवतात, आणि क्रशिंग म्हटलं की माणसं चाकाची खाट घेऊन धावत येतात. मराठीतून येणारी माणसं तर यातलं काहीच बोलत नसत. त्यांच्याकडे कळ होती, चमक होती, उसण, सणक, ठणका, सल. हुळहुळणं आणि चुणचुणणं होतं. आणि एवढ्यावर भागलं नाही तर ‘कसंतरीच होतं’ हे ब्रह्मास्त्र होतं. कसंतरीच. याचं इंग्रजी करताना सुरुवातीच्या दिवसांत तिला रडू आलं होतं. मग हळूहळू तिला त्यांचा चेहरा वाचता येऊ लागला, हाताची बोटं पोटावर चपटी पडतात की टोकाने रुततात, ते पाहून ती विशेषण निवडी. या कामाचा तिला अभिमान होता. डॉक्टर मंडळींना ठाऊक नव्हतं, पण कोण कुठल्या मजल्यावर जाईल ते तिच्या दोन विशेषणांमधल्या त्या श्वासभर थांबण्यात ठरत होतं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत दिवसभर विचारी, “हे बरं की हे? पहिलं की दुसरं?” ती एकदा म्हणाली होती, आपला दोघांचा धंदा एकच. तो म्हणाला, “छे, माझं गिऱ्हाईक निदान स्वतः उत्तर देतं.”

त्याला शंका आली नव्हती असं नाही. जेवताना ती अर्धं ताट बाजूला सारी तेव्हा तो चष्म्यावरून बघे. “दिवसभर दुसऱ्यांची दुखणी तोंडात घोळवतेस,” तो म्हणाला होता, “एखादं गिळलं असशील चुकून.” ती हसली. हसताना ते पोटातून पाठीत गेलं, आणि तिने हसणं तसंच लांबवलं, म्हणजे चेहऱ्याला वेगळं काही करायला नको. त्या क्षणी सांगितलं असतं तर? तो भिंगं खाली ठेवून, हात पुसून, तिला गाडीत घालून घेऊन गेला असता. तो तसाच माणूस. म्हणूनच सांगितलं नाही. प्रेमाच्या माणसाला सांगितलं की ते दोघांचं होतं, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून आपल्याला आपलं कळत राहतं. तिला ते नको होतं. तिला काहीच नको होतं, फक्त दिवस असेच एकामागून एक यावेत, सकाळी कामावर जावं, खुर्चीत बसावं, दुसऱ्याचं ‘मी’ म्हणावं. त्या खुर्चीत बसलं की तिचं दुखणं खरोखर थांबे. निदान आजपर्यंत थांबत होतं.

आईकडे दुखण्यांचा संसार होता. गुडघ्यातली वेगळी, कमरेतली वेगळी, डाव्या दाढेची तर घरातली माणसं चौकशी करत इतकी ती जुनी. आई भांडी घासता घासता सांगे, “आज उसण भरलीय,” “आज टाचेत कोणी खिळा ठोकतंय,” आणि बाबा वर्तमानपत्राआडून म्हणत, “झालं, पुराण सुरू झालं. फलश्रुती आली की उठवा.” सगळे हसत, आईही हसे. तिच्या दुखण्यांना रंगरूप होतं, त्यांच्या गोष्टी होत्या, आणि कोणी त्यांचं मनावर घेत नव्हतं. मग एका वर्षी आई गप्प झाली. घर जरा शांत झालं, बाबा म्हणाले, बरं वाटतंय वाटतं हिला. ती तेव्हा शाळेत होती, शेवटच्या वर्गांत. एका दुपारी आई पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसलेली तिने पाहिली, पाठ ताठ, हात मांडीवर, गाडीची वाट बघत बसावं तशी. “काय होतंय गं?” तिने विचारलं. आई बराच वेळ शब्द शोधत राहिली. आई, जिला शब्द कधी शोधावा लागला नव्हता. “काही नाही,” ती म्हणाली, “पाठीला पाठ लावून कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. जड नाही. नुसतं बसलंय.” त्या वयाला ते इतकं सुंदर वाटलं, की ती पलंगावर चढली आणि आईच्या पाठीला आपली पाठ लावून बसली. आईची पाठ गरम होती. खिडकीतून पडद्याची सावली दोघींच्या पायांवर हलत होती, खाली कोणी बॉल आपटत होतं, आणि ती मनात म्हणत होती की आता तिथे मीच आहे, दुसरं कोणी नाही. आई हसली असावी. पाठीला हसणं कळतं. पुढच्या उन्हाळ्यात आई नव्हती.

हे आठवायचं नाही असं तिने ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप आठवेनासं झालं होतं. आता रेडिएटरला टेकून उभी असताना तिच्या फऱ्याखाली जे होतं ते जड नव्हतं. नुसतं बसलं होतं. आणि तिने त्याला नॉइंग म्हटलं होतं, जो शब्द बरोबरही नव्हता. एवढ्या वर्षांचा अनुभव, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा चुकीचं रीळ. तिला याही स्थितीत याची लाज वाटली, आणि लाज वाटली याचं हसू आलं.

“मधल्या बाई.” सून जवळ येऊन उभी होती. डोळे पुसलेले, पण नीट नाही. “तुम्ही इथे होय? मी खाली जाऊन आले. सासूबाईंना वर खाट दिलीय.” मग तिने आवाज खाली आणला. “एक विचारू का? राग नका मानू. बॅक म्हणजे पाठ ना?”

“हो.”

“सासूबाई म्हणतात, मी पाठीचं कधी म्हटलं? मी म्हटलं त्यांना, अहो, बाईंना डॉक्टरांच्या हाताखाली इतकी वर्षं झाली, त्यांना तुमच्या तोंडाकडे बघून कळलं असेल. तसं असतं ना? नुसतं बघून कळतं तुम्हाला.”

मधल्या बाईने मान खाली घातली. सुनेने ते होकारार्थी घेतलं. “मग त्याही म्हणाल्या, असेल बाई. आणि आता तर म्हणतायत, पाठीतही वाटायला लागलंय. मघापासून सारखा हात मागे नेतायत. मी विचारलं, कसं वाटतं? तर म्हणे, बाई म्हणाल्या तसंच.” सुनेने पर्स पुन्हा छातीशी धरली. “ह्यांना फोन केला कामावर. ते निघालेत. मला म्हणाले, आईला कळू देऊ नकोस. काय कळू देऊ नको बाई? मला तरी कुठे काय कळलंय?”

ती वर गेली तेव्हा आजी खाटेवर होत्या, हिरवा स्वेटर काढून घडी करून उशाशी ठेवलेला. तिला पाहून त्यांना केवढं हायसं वाटलं. “या हो. इथे सगळे नुसते गोड हसून जातात, एकाचं बोलणं समजेल तर शपथ.” मग एकदम गुपित सांगावं तसं, “बाई, मी त्यांना पाठीचं मुद्दाम सांगितलं नव्हतं असं नाही हं. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात तेव्हा ध्यानात आलं. असतं ना एकेकदा, शेजारीण म्हणते तेव्हा कळतं की आपल्या घरात वास येतोय.” त्यांनी पाठ वळवली आणि बोट नेमकं कुठेच न ठेवता सगळीकडे फिरवलं. “इकडे. नाही, इकडे. आता त्या डॉक्टरीणबाईंना जिथे हवं तिथे दुखू दे माझं, फक्त लवकर सोडा म्हणावं. माझी मांजर उपाशी आहे घरी.”

त्या फिरणाऱ्या बोटाकडे बघताना मधल्या बाईच्या अंगावर काटा आला. तिने एका म्हातारीला आपलं दुखणं देऊन टाकलं होतं, आणि म्हातारीने बिचारीने ते गुपचूप घेतलं होतं, कोणी घरी आणून दिलेला नको असलेला डबा घ्यावा तसं, परत करणं बरं दिसत नाही म्हणून. दुपारी तिला सुई टोचतील. तिच्या मुलाला सांगतील की वाट बघा. आणि आतमध्ये काही नसेल, किंवा काही सापडेल जे शोधायला कोणी गेलं नसतं. आणि जिच्यात ते शोधायला हवं ती इथे पलंगाच्या पायथ्याशी, ओळखपत्र गळ्यात घालून, सुखरूप उभी. “आजी,” ती म्हणाली, “पाठीचं माझ्याकडून चुकून गेलं. तुमचं पोटाचं तेवढंच खरं. ते मी आता नीट सांगते.” आजी गोंधळल्या. “मग हे पाठीत जे वाटतंय ते?” त्यांनी विचारलं, आणि तिला वाटलं हात धरावा त्यांचा. तिने धरला. “ते जाईल,” ती म्हणाली. “ते तुमचं नाही.”

डॉक्टरीणबाईंच्या खोलीपर्यंतचा कॉरिडॉर आज पाण्याखालून चालावं तसा गेला; पावलांचा आवाज दुसरीकडे कुठे होत होता, माणसं समोरून येत आणि वळून जात. चालता चालता तिने वाक्य तयार केलं. सोपं होतं. अनुवादात चूक झाली, पाठीचा उल्लेख पेशंटने केलेला नाही, क्षमस्व. एवढंच. चूक कशी झाली हे कोणी विचारत नाही; माणूस आहे, थकतो, दिवसातून बारा जणांचं बोलतो. आजींचं काम होईल, सुई टळेल, मुलगा परत कामावर जाईल, आणि संध्याकाळी ती घरी जाऊन अर्धं ताट बाजूला सारेल. दाराशी पोचेपर्यंत ते वाक्य इतकं सुबक झालं होतं की तिला ते आपलंसं वाटेना, कोणा पेशंटचं वाटायला लागलं.

डॉक्टरीणबाई दोन पेशंटांच्या मध्ये उभ्याउभ्या सफरचंद खात होत्या. तिने वाक्य सांगितलं. त्यांनी सफरचंद खाली ठेवलं, कॉम्प्युटरकडे वळून काहीतरी टाइप केलं, मान डोलावली. पेशंटशी पुन्हा बोलावं लागेल, दुसऱ्या दुभाष्याला बोलावून. आणि ही चूक वर कळवावी लागेल. अर्थात, ती म्हणाली. पोटाचं मात्र बघावंच लागेल, पण त्याला आज घाई नाही. आजी संध्याकाळपर्यंत घरी जातील. थँक यू, ती म्हणाली. इथे वळून निघायचं होतं. ती वळली नाही, कारण डॉक्टरीणबाई आता स्क्रीनकडे न बघता तिच्याकडे बघत होत्या, आणि एरवी त्यांच्या लेखी रिकाम्याच असणाऱ्या मधल्या खुर्चीत कोणीतरी असल्यासारखं बघत होत्या.

“फार नेमकं होतं ते,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “पोटातून आरपार पाठीत. थकून झालेल्या चुका इतक्या नेमक्या नसतात.” आणि मग, त्याच मऊ आवाजात, “कोणाचं होतं?”

सवयीने तिने आपली मागची खुर्ची ओढली. डॉक्टरीणबाईंनी पायाने पेशंटची खुर्ची पुढे सरकवली. ती तिच्यात बसली. इथून खोली वेगळीच दिसत होती. दिवा थेट डोळ्यांवर येत होता आणि भिंतीवरचं घड्याळ दिसतच नव्हतं. इतक्या वर्षांत लोकांना वेळ दिसत नव्हती, हे तिला कधी सुचलं नव्हतं. “माझं,” ती म्हणाली. मराठीत. मग तेच इंग्रजीत. डॉक्टरीणबाईंनी पेन घेतलं. कसं दुखतं? आणि तिने डबा उघडला. डल? डल होतं, पण सारखं डल नव्हतं. एकिंग म्हणावं तर मुरलेलं नव्हतं. नॅगिंग, म्हणजे टुमणं लावणारं, तसं तर अजिबात नाही. ते फार शहाण्यासारखं वागलं होतं. नॉइंग तिने एकदा वापरून पाहिलंच होतं. एकेक शब्द ती त्या जागेवर धरून बघत होती आणि एकेक परत ठेवत होती, आणि डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या, आणि तिला कळलं की आपण थांबतोय ते शब्द सापडत नाही म्हणून नाही.

“मला ते सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “पण दुसरं एक सांगता येईल.” त्याच्यासाठीही तीन शब्द पुढे आले, न बोलावता. अफ्रेड हा तसा सभ्य शब्द. पत्रातही चालतो, दिलगिरीतही चालतो. फ्रायटन्डमध्ये कोणीतरी बाहेरून येऊन घाबरवलेलं असतं, दोष त्याच्याकडे जातो. आणि स्केअर्ड हा लहान मुलांचा. कितीही घाबरलेलं मोठं माणूस शेजारी बसलेलं असलं तरी तिने त्याच्यासाठी तो कधी वापरला नव्हता, डॉक्टरांसमोर त्याची किंमत कमी होऊ नये म्हणून. ती अँक्शस म्हणे, कन्सर्न्ड म्हणे. आता तिन्हींतून तोच तेवढा अंगाला बसला.

“आय ॲम स्केअर्ड,” ती म्हणाली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच ‘आय’ म्हटल्यावर शेजारून कोणी मान डोलावली नाही. शेजारी कोणी नव्हतंच.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहिलं नाही. पेन बाजूला ठेवून त्यांनी हातावर हात चोळून ते उबदार केले, आणि विचारलं की घरी कोणाला माहीत आहे का. तिने नकारार्थी मान हलवली. मग फोन तिच्यापुढे सरकवण्यात आला. नवरा दुकानात होता, मागे कोणीतरी अक्षरं वाचत होतं. “अगं, काय झालं? ह्या वेळेला?” तो म्हणाला.

“मला,” ती म्हणाली, आणि पुढचं यायला थोडा वेळ लागला, पण त्याने फोन ठेवला नाही. “मला दुखतंय रे. तू ये.”